खाडीचे दार

पक्षी म्हटला की आपल्याला झाड आठवते, घरटे आठवते, फार तर निळे आकाश आठवते. चिखल काही आठवत नाही! पण समुद्रकाठच्या हजारो पाखरांचे अन्नपाणी त्या बिचाऱ्या चिखलातच असते. ठाण्याच्या खाडीवर हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, तेथे हवा खायला येत नाहीत. ते जेवायला येतात. आणि त्यांचे ताट म्हणजे उथळ पाणी व त्याखालचा मऊ चिखल.

या ताटाची गंमत अशी की, प्रत्येक पाखराचे पाणी त्याच्या पायांनी मोजून दिलेले आहे. चिखल्याचे पाय आखूड. त्याला नुसती ओल पुरते. शेकाट्याच्या त्या लांबलचक गुलाबी काड्या. तो गुडघाभर पाण्यात ऐटीत हिंडतो. धाकटा रोहित चोच उलटी धरून पाणी गाळतो आणि त्यातले सूक्ष्म शेवाळ खातो. पाणी हातभर वाढले की चिखल्या उपाशी. आटून चिखलाला भेगा पडल्या की सगळेच उपाशी! म्हणून पाणथळ राखणे म्हणजे मुख्यतः पाण्याची उंची राखणे. कुंपण आणि पाटी या नंतरच्या गोष्टी.

मी मराठीचा प्राध्यापक. माझा व्यवहार शब्दांचा. कोकणातल्या खाडीकाठी मला एक शब्द भेटला आणि हे सारे शास्त्र त्यातच सापडले. तो शब्द ‘उघाडी’. खारजमिनीच्या बांधात पाण्यासाठी ठेवलेले दार ते. भरतीच्या रेट्याने त्याची झडप मिटते; ओहोटी लागली की आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. गोव्याच्या खाजणात अशाच दाराला ‘मानस’ म्हणतात.

शेतकऱ्याला भातासाठी खारे पाणी बाहेर हवे, म्हणून त्याचे दार असे. मिठागरवाल्याला उलट समुद्र आत हवा; तो उधाणाचे पाणी आत घेतो आणि एका कोंडीतून दुसरीत नेत आटवतो. पाखरांची मागणी तिसरीच. त्यांना पाणी यायलाही हवे आणि जायलाही हवे. शिवाय, भरतीने खाडीचा चिखल बुडाला की त्यांनी पाय टेकायचे कुठे? शेजारच्या मिठागरांत आणि तळ्यांत. ओहोटीचे ताट आणि भरतीची ओसरी, दोन्ही असतील तरच त्यांचा संसार चालतो.

विलायतेत एसेक्स परगण्यातल्या वॉलसी बेटावर तर लोकांनी 2015 साली समुद्राचा जुना बांध आपल्या हातांनी फोडला! लंडनच्या नव्या रेल्वे-बोगद्यांतून निघालेली तीस लाख टनांहून अधिक माती तेथे पसरून जमिनीची उंची आधी बेतून घेतली, आणि मग भरतीला आत बोलावले. पाखरांसाठी पाणी असे मोजूनमापून आणावे लागते.

आपल्याकडेही कागदावर पुष्कळ झाले आहे. ठाणे खाडीचा सुमारे सतरा चौरस किलोमीटर भाग 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला. 2022 साली रामसर यादीत खाडीचे नाव आले. पण भरतीची ओसरी राहिली अभयारण्याच्या रेघेबाहेर! नेरूळच्या एका तळ्यात खाडीचे पाणी येण्याची वाट बुजली, तळे आटू लागले आणि 2024 च्या उन्हाळ्यात तेथे रोहित पक्षी मेलेले आढळले. नागरिकांनी आवाज उठवला, तेव्हा सरकारी समिती नेमली गेली. तळे कोणी बुजवले नव्हते. फक्त त्याचे दार मिटले होते.

वाचकहो, मिठागरांच्या जागेवर घरे उठवण्याच्या गोष्टी निघतात, तेव्हा ‘ती जमीन तर पडीकच’ असे सहज म्हटले जाते. ती पडीक नाही. दिवसातून दोनदा पाहुण्यांनी भरणारी ती ओसरी आहे. अभयारण्याला पहारेकरी हवा हे खरेच. पण त्याआधी हवा तो तिथी आणि भरती तोंडपाठ असलेला, उघाडीतला गाळ वेळेवर काढणारा माणूस. त्याची नेमणूक कोण करणार?

लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला खाडीला उधाण येते. त्या रात्री लक्ष्मीसाठी आपण घराचे दार उघडे ठेवतो. खाडीचेही ठेवू या.