संगणकाच्या मेमरीचा वेग आणि त्याची कसोटी

सुरत-धुळे मार्गावरील कडोदरा परिसरात यंत्रमागांवर काम करणारी अनेक खानदेशी कुटुंबे आहेत. माग प्रमाणाबाहेर वेगाने चालविल्यास धागा तुटतो, हे त्यांना सांगावे लागत नाही. संगणकाची मेमरी निर्धारित मर्यादेपेक्षा जलद चालविणे, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग, हा तसाच प्रकार होय. मात्र तुटलेला धागा दिसतो. मेमरीत बदललेला आकडा दिसत नाही.

डीडीआर-४ मेमरीचा प्रमाणित कमाल वेग सेकंदास ३२० कोटी हस्तांतरणे, तर विद्युतदाब १.२ व्होल्ट असतो. वेगवाढीसाठी हा दाब बहुधा १.३५ व्होल्टपर्यंत नेतात. त्यामुळे उष्णता वाढते आणि माहिती धारण करणारा सूक्ष्म विद्युतभार लवकर गळतो.

लाभही तपासून घ्यावा. वेग ३६० कोटींवर नेताना प्रतीक्षेची आवर्तने १६ वरून १८ झाली, तर पहिला प्रतिसाद पूर्वीप्रमाणेच १० नॅनोसेकंदांनी मिळतो.

प्रयोगापूर्वी माहितीची प्रत अन्यत्र ठेवावी. एका वेळी एकच बदल करावा. नंतर मेमटेस्ट८६ या कार्यक्रमाच्या किमान चार फेऱ्या, शक्यतो भर दुपारच्या उन्हाळ्यात, पूर्ण कराव्यात. एकही चूक आढळल्यास वेग कमी करावा. त्यानंतरच नेहमीच्या कामास लागणारा वेळ पूर्वीच्या वेळेशी ताडून पाहावा.

जमिनीच्या नोंदी किंवा शालेय निकाल ठेवणाऱ्या संगणकावर हा प्रयोग मुळीच करू नये. तेथे चार क्षणांच्या बचतीपेक्षा एका अंकाची अचूकता मोलाची आहे.