प्रार्थनेतून परळच्या शाळेकडे

विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करून 1903 मध्ये परतले आणि मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. पण उपासनेपुरता धर्म त्यांना पुरेना. 18 ऑक्टोबर 1906 रोजी त्यांनी निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली. अध्यक्ष होते न्यायमूर्ती नारायण चंदावरकर. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी पहिली शाळा परळला निघाली. या कामाला केवळ वर्गणीदार नव्हे, घरची माणसेही लागली: बहीण जनाबाई त्यात राबल्या. त्यांचे नाव आज फारसे कुणी घेत नाही, याची खंत वाटते. पुण्याच्या नाना पेठेतला अहिल्याश्रम याच मंडळीच्या कामातून उभा राहिला.