तार सोलण्याची पक्कड
विळ्यानें तार सोलतांना आंतील तांब्याचे कांहीं पदर तुटतात. उरलेल्यांवर भार पडून सांधा तापतो. गोठ्यांत कडब्याशेजारीं असा सांधा असल्यास आग लागण्याचें भय असतें. यास्तव शेतकरी बंधूंनीं वायर स्ट्रिपर अवश्य बाळगावा. मात्र घेतांना खांचांवरील आंकडे वाचावे. आपल्याकडील तारा १·५, २·५, ४ अशा चौरस मिलिमीटरांत मिळतात; अमेरिकन गेजची १४ ची खांच सुमारें २·०८ ची असल्यामुळें २·५ च्या तारेचे पदर तींत कापले जाण्याचा संभव फार. ट्रॅक्टरच्या बारीक पदरी तारांस आपोआप जुळणारा प्रकार, माझ्या मतें, अधिक सोईचा. मुठीवरील रबरावर विसंबून चालू तारेस हात लावूं नये. घरीं मेन स्विच बंद करावा, ट्रॅक्टरवर बॅटरीचें ऋण टोक आधीं सोडावें.