दादोबांची पूरणिका आणि साठीनंतरची बुद्धी

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्यांना सुरतकर मराठी माणसाने खुशाल दादोबा पांडुरंगांचं नाव सांगावं. त्यांचं गाजलेलं मराठी व्याकरण १८३६ चं, म्हणजे ऐन बाविशीतलं. पुढे ते सुरतेत शिक्षक होते. तिथेच १८४४ मध्ये सुधारक दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी मानवधर्म सभा ही सुधारणावादी संस्था काढली. एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण १८७८ मध्ये, चौसष्टीच्या घरात, याच गृहस्थांनी स्वीडनबोर्ग या स्वीडिश चिंतकावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. १८८१ मध्ये स्वतःच्या व्याकरणाला पूरणिका, म्हणजे पुरवणी, जोडली आणि पुढच्याच वर्षी ते गेले.

याबाबत संशोधन काय सांगतं? मानसशास्त्रज्ञ हार्वे लेहमन यांनी १९५३ मध्ये वय आणि कर्तृत्वाचे आलेख मांडले. त्यांतलं तिशी-चाळिशीतलं शिखर आजही जो तो सांगतो. वेन डेनिस मात्र विस्मरणात गेले. इतिहासकार, तत्त्वज्ञ अशा अभ्यासकांचं लेखन सत्तरीतही फारसं आटत नाही, हे त्यांनी १९६६ मध्ये दाखवलं होतं. वयाबरोबर मेंदूचा वेग मंदावतो, हे खरंच. पण शब्दसंग्रह आणि साचलेली जाण बराच काळ शाबूत राहते. व्याकरणकाराचं भांडवल तेच!

मग आपण काय करावं? शब्दकोड्यांची ॲप विकणाऱ्यांचं ऐकू नका. मानसशास्त्रज्ञ डेनीस पार्क आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. साठीपुढच्या काहींना तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास, गोधडीकाम किंवा डिजिटल फोटोग्राफी शिकायला बसवलं. कापडाचे तुकडे मापात कापायचे, नक्षी डोक्यात धरून ते जुळवायचे. नाहीतर कॅमेरा हाताळून फोटो संगणकावर सुधारायचे. दुसरा गट सहली आणि गप्पांत रमला. प्रसंग लक्षात ठेवण्याची शक्ती शिकणाऱ्यांची जास्त सुधारली, त्यातही फोटोग्राफीवाल्यांची. मोजली ती स्मरणशक्ती, प्रतिभा नव्हे. तेव्हा ‘गोधडी शिवा, कवी व्हा’ असे मथळे कुणी देऊ नयेत. शिवाय आयुष्यभर गोधड्या शिवलेल्या आजींना त्यात नवं काय? त्यांनी कॅमेरा हातात घ्यावा.

सुरतेतल्या उधना-लिंबायतकडच्या ज्येष्ठ मंडळींना एवढंच सुचवतो: यंदा एका सहलीचे पैसे वाचवा आणि तीन महिन्यांचा एखादा वर्ग लावा. शिकवणारा मात्र कडक असू द्या.