प्रशिक्षक मोकळा, खेळाडू जखडलेला!

एका कारखान्यातला कामगार दुसऱ्या कारखान्यात गेला म्हणून त्याने पहिले वर्षभर हात बांधून बसावे, असा नियम सर्व कारखानदारांनी मिळून केला तर आपण त्याला काय म्हणू? वेठबिगारी म्हणू. मालकांचे संगनमत म्हणू. पण हाच नियम विद्यापीठांनी केला आणि त्याला ‘शैक्षणिक हित’ असे गोंडस नाव दिले की भल्याभल्यांची तोंडे बंद होतात. जगाला स्वातंत्र्याचे धडे देणाऱ्या अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंना असा नियम अनेक दशके लागू होता. २०२४ साली तो मोडला. तो कोणाच्या सोयीचा होता आणि कोणी मोडला, हे चळवळीतल्या माणसाने नीट समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

अमेरिकेतल्या खेळाडूंशी आपला काय संबंध, असा प्रश्न काही वाचक विचारतील. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, तेव्हाच हा संबंध जुळला आहे. त्या गुलामांचे वंशज आज अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये आणि बास्केटबॉलमध्ये फार मोठ्या संख्येने घाम गाळतात. त्यांच्या घामाचा हिशेब विचारणे हे आपलेही काम आहे.

अमेरिकेत कॉलेजचा खेळ म्हणजे आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नव्हेत. तो अब्जावधी डॉलरचा धंदा आहे. या धंद्याची सूत्रे नॅशनल कॉलेजिएट अॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए या संघटनेच्या हाती आहेत. १९०६ साली स्थापन झालेली ही संघटना विद्यापीठांची आहे, खेळाडूंची नव्हे. पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेचे प्रक्षेपण करण्यासाठी २०१० साली दूरचित्रवाणी कंपन्यांशी चौदा वर्षांचा जो करार झाला, तो १०.८ अब्ज डॉलरचा होता. प्रशिक्षकांचे पगार लक्षावधी डॉलरचे. आणि ज्याच्या खेळासाठी लोक तिकीट काढतात, टीव्ही लावतात, त्या खेळाडूला अनेक दशके काय मिळत होते? शिष्यवृत्ती. २०२१ पर्यंत त्यापलीकडे काही मागितले की तो ‘हौशी’ राहत नसे, म्हणून बाहेर!

या व्यवस्थेने एक शब्द घडवला : ‘विद्यार्थी-खेळाडू’. हा शब्द वरवर किती सात्त्विक वाटतो! पण त्याचा जन्म नुकसानभरपाई चुकवण्याच्या गरजेतून झाला. १९५५ साली कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट लुईस ए अँड एम कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू फुटबॉल सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेने कामगार नुकसानभरपाईची मागणी केली. १९५७ साली कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला ती नाकारली. मृत खेळाडू हा कॉलेजचा कामगार ठरत नाही, असे उत्तर तिला मिळाले. वॉल्टर बायर्स हे १९५१ पासून तीन दशकांहून अधिक काळ एनसीएएचे प्रमुख होते. खेळाडूला नोकर ठरवले जाईल या भीतीपोटी आपण हा शब्द रुजवला, हे त्यांनीच निवृत्तीनंतर १९९५ साली लिहिलेल्या पुस्तकात मान्य केले. शब्द कोण घडवतो आणि कशासाठी घडवतो, हे तपासल्याशिवाय शोषण दिसत नाही. आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

आता मूळ नियमाकडे वळू. खेळाडूने एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात प्रवेश घेतला तर त्याने नव्या ठिकाणी एक वर्ष ‘निवास’ करायचा. या काळात त्याने वर्गात बसायचे, सरावाला हजर राहायचे, घाम गाळायचा, पण सामन्यात उतरायचे नाही. एनसीएएच्या वरच्या श्रेणीत खेळाडूला पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम मिळतात. बाहेर बसलेल्या वर्षातही मुदतीचे घड्याळ चालूच राहायचे. त्यात भर म्हणजे २०१८ पर्यंत दुसऱ्या विद्यापीठाने खेळाडूशी बोलण्यासाठी आधीच्या विद्यापीठाची परवानगी लागत असे. ती नाकारली तर नव्या ठिकाणी त्याला क्रीडा शिष्यवृत्ती मिळत नसे. म्हणजे जायचे कुठे, हेही जुन्या मालकाने ठरवायचे! १५ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘ट्रान्स्फर पोर्टल’ नावाची नोंदणी सुरू झाली, तेव्हा परवानगीची जागा केवळ कळवण्याने घेतली. पण वर्षभर बसण्याची शिक्षा तशीच राहिली.

ही शिक्षा सर्वांना सारखी होती काय? मुळीच नाही. बहुतेक खेळांत खेळाडूला एकदा वर्षभर बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येत असे. ती सवलत पाच खेळांना नव्हती : फुटबॉल, पुरुषांचा बास्केटबॉल, महिलांचा बास्केटबॉल, बेसबॉल आणि पुरुषांची आइस हॉकी. आम्ही विचारतो, विद्यापीठ बदलल्याने अभ्यास बुडतो हे जर खरे कारण असेल, तर टेनिसपटूचा अभ्यास बुडत नाही आणि बास्केटबॉलपटूचाच बुडतो, हे कोणते शिक्षणशास्त्र? ज्या फुटबॉल आणि बास्केटबॉलवर या धंद्याची तिजोरी भरते आणि जिथे कृष्णवर्णीय मुलांची संख्या मोठी आहे, नेमके तिथेच बंधन घट्ट होते. एप्रिल २०२१ मध्ये एकदा बदलण्याची सवलत या पाच खेळांनाही मिळाली. दुसऱ्यांदा बदलणाऱ्याला मात्र पुन्हा तेच वर्ष, किंवा मग एनसीएएच्या दारात सूट मागणारा अर्ज.

याच दारात रेक्वान बॅटल उभा राहिला. हा वॉशिंग्टन राज्यातल्या टुलालिप या मूळनिवासी जमातीचा तरुण, तिथल्याच राखीव भूमीवर वाढलेला. आधी वॉशिंग्टन विद्यापीठात खेळला, मग मोंटाना स्टेट विद्यापीठात. २०२३ साली मोंटाना स्टेटचे प्रशिक्षक डॅनी स्प्रिंकल युटा स्टेट विद्यापीठात निघून गेले. बॅटलही मग वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात गेला. मानसिक स्वास्थ्याचे कारण देऊन त्याने लगेच खेळू देण्याची विनंती केली. एनसीएएने ती फेटाळली.

इथे वाचकांनी क्षणभर थांबावे. प्रशिक्षक गेला आणि त्याच हंगामात नव्या संघाच्या बाकावर बसून सामने खेळवू लागला. त्याच प्रशिक्षकाचा खेळाडू गेला, तर त्याला बाहेर बसवले. पुढे तर गंमतच झाली. मार्च २०२४ मध्ये स्प्रिंकल युटा स्टेटही सोडून वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले. वर्षभरात दोन बदल्या आणि एक दिवसाचीही शिक्षा नाही! आमचा राग त्या प्रशिक्षकावर नाही. त्याने त्याचा हक्क वापरला. आमचा सवाल व्यवस्थेला आहे : जो हक्क प्रशिक्षकाला, तो खेळाडूला का नाही?

७ डिसेंबर २०२३ रोजी ओहायोसह सात राज्यांच्या महाधिवक्त्यांनी वेस्ट व्हर्जिनियातल्या संघराज्य न्यायालयात एनसीएएविरुद्ध दावा दाखल केला. आधार होता १८९० च्या शर्मन कायद्याचा. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या धंदेवाल्यांनी संगनमत करून बाजार अडवू नये, हे त्या कायद्याचे सूत्र. विद्यापीठे खेळाडू मिळवण्यासाठी एकमेकांशी स्पर्धा करतात. त्यांनीच एकत्र बसून ‘आलेल्याला वर्षभर खेळवायचे नाही’ असे ठरवले, तर ते संगनमत नव्हे तर काय? १३ डिसेंबरला न्यायाधीश जॉन प्रेस्टन बेली यांनी नियमाला तात्पुरती मनाई दिली. बॅटल तीन दिवसांनी सामन्यात उतरला.

कायद्याचे विद्यार्थी म्हणून आम्हाला या आदेशातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. एनसीएएकडे ‘भरपाई’चा एक नियम आहे. न्यायालयाच्या मनाईमुळे खेळाडू खेळला आणि पुढे ती मनाई उठली, तर त्या खेळाडूला आणि विद्यापीठाला मागाहून शिक्षा करण्याचा अधिकार हा नियम संघटनेला देतो. म्हणजे न्यायालयात जिंकलात तरी आमच्या भीतीने घरीच बसा, असा त्याचा अर्थ. बेली यांनी या नियमाच्या वापरालाही मनाई केली. वकिली करताना आम्ही रोज पाहतो, हुकूमनामा हातात असलेला पक्षकार प्रतिपक्षाच्या धाकाने त्याचा वापर करायला धजत नाही. हक्क कागदावर मिळवणे ही अर्धी लढाई असते. तो हक्क वापरणाऱ्याला संरक्षण मिळाले तरच ती पूर्ण होते.

तरीही धाक संपला नव्हता. मनाई फक्त चौदा दिवसांची होती, आणि ती उठली तर खेळलेला हंगाम खेळाडूच्या खात्यातून वजा होईल अशी भीती पसरली. शेवटी दोन्ही पक्षांच्या संमतीने मनाई पूर्ण हंगामापर्यंत वाढली. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेचे न्याय खाते आणि आणखी राज्ये दाव्यात सामील झाली. एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने नियमच बदलला. अभ्यासाच्या अटी पूर्ण करणारा खेळाडू कितीही वेळा विद्यापीठ बदलो, त्याला लगेच खेळता येईल असे ठरले. ३० मे २०२४ रोजी तडजोड जाहीर झाली, आणि २०१९-२० पासून या नियमामुळे ज्यांचा हंगाम बुडाला होता त्यांना एक वर्ष परत देण्याचेही त्यात मान्य झाले.

हे सहज घडले असे कोणी समजू नये. १९६९ साली कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय व्यावसायिक बेसबॉलपटूला त्याच्या संघाने न विचारता दुसऱ्या संघाच्या हवाली केले. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही, असे सांगून त्याने जायला नकार दिला आणि खटला लढवला. १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. त्याचे खेळाडू म्हणून आयुष्य संपल्यात जमा झाले. पण त्याने पेटवलेला प्रश्न विझला नाही. १९७५ साली एका लवादाच्या निर्णयाने बेसबॉलपटूंची ती बेडी तुटली. पुढे २०२१ साली अॅल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी एनसीएएला चपराक दिली. न्यायमूर्ती कॅव्हॅनॉ यांनी स्वतंत्र मत लिहून ही संघटना कायद्याच्या वर नाही हे बजावले. पैसा सगळीकडे वाहतो आणि तो मिळवून देणाऱ्या, अनेकदा कृष्णवर्णीय आणि गरीब घरातल्या खेळाडूंच्या पदरी फारसे काही पडत नाही, याकडेही त्यांनी बोट दाखवले. जो हरला त्याने रस्ता केला आणि जे जिंकले ते त्या रस्त्याने गेले, असाच हा इतिहास आहे.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. टीकाकार म्हणतात, या मोकळिकीने गोंधळ माजला, छोट्या कॉलेजांनी घडवलेले खेळाडू श्रीमंत विद्यापीठे पळवू लागली. ही तक्रार खोटी नाही. पण श्रीमंत आणि गरीब विद्यापीठांतली दरी खेळाडूच्या पायात बेडी घालून बुजवायची, हा कुठला न्याय? दरी पैशाची आहे, तर उपाय पैशाच्या वाटपात शोधावा.

खरी काळजी वेगळीच आहे. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा ४० टक्के, चौथ्या वर्षी ६० टक्के आणि पाचव्या वर्षी ८० टक्के अभ्यासक्रम पूर्ण असावा, अशी खेळाडूंना अट आहे. विद्यापीठ बदलताना आधीचे सगळेच श्रेयांक नवे विद्यापीठ मान्य करील असे नाही. दोन-तीन ठिकाणे फिरलेल्या मुलाची पदवी मागे पडण्याचा धोका असतो. पोर्टलमध्ये नाव घातले आणि कोणीच बोलावले नाही, तर जुनी शिष्यवृत्तीही हातची जाऊ शकते. खेळ काही वर्षांत संपतो, पदवी आयुष्यभर पुरते. म्हणून जाण्याच्या हक्काबरोबर श्रेयांकांची हमी, शिष्यवृत्तीची हमी आणि दलालांपासून संरक्षण मिळाले पाहिजे. नुसती मोकळीक दुबळ्याला फार काळ पुरत नाही.

हे मिळवायचे तर खेळाडूंची संघटना हवी. तीच तिथे उभी राहू दिली जात नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंना २०१४ साली कामगार मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याने कामगार ठरवले. २०१५ साली मंडळाने या प्रकरणात अधिकारच वापरायचा नाही असे ठरवून तो प्रश्न बाजूला सारला. मार्च २०२४ मध्ये डार्टमाउथच्या बास्केटबॉलपटूंनी तेरा विरुद्ध दोन मतांनी युनियनचा कौल दिला, पण त्याच वर्षाच्या शेवटी तो अर्ज मागे घ्यावा लागला. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या हाउस तडजोडीने विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे देण्याची वाट उघडली, तरी वाटाघाटीच्या टेबलावर खेळाडूंची खुर्ची रिकामीच राहिली. उलट २०२५ मध्येच अमेरिकन काँग्रेसमध्ये एनसीएएला या स्पर्धा कायद्यापासून संरक्षण देणारे विधेयक मांडले गेले. ज्या कायद्याने खेळाडूची बेडी तोडली, त्या कायद्याचेच हात बांधण्याची ही धडपड आहे.

म्हणून आम्ही म्हणतो, न्यायालयाने दिलेला हक्क संघटनेशिवाय टिकत नाही. न्यायाधीश बदलतात, कायदे बदलतात, आणि मालक मात्र कायम एकत्र असतात. रेक्वान बॅटलला खेळायला मिळाले, कारण त्याच्या पाठीशी सात राज्ये उभी राहिली. ज्याच्या पाठीशी एकही राज्य नाही अशा पुढच्या मुलासाठी कोण उभे राहणार? त्याचे उत्तर त्या मुलांना स्वतःच, एकत्र येऊन द्यावे लागेल.