रसेलची लेखणी: क्रिमियात आणि लखनौत

लंडनच्या ‘टाइम्स’ने १८५४ मध्ये विल्यम हॉवर्ड रसेल या आयरिश बातमीदाराला क्रिमियाच्या युद्धावर धाडलं, तेव्हा सेनापती लॉर्ड रॅगलनने त्याची दखल घ्यायलाही नकार दिला. रसेल तरीही सैन्यामागोमाग हिंडत राहिला. २५ ऑक्टोबरला बालाक्लावाच्या खोऱ्यात हलक्या घोडदळाने रशियन तोफांवर घातलेली आत्मघातकी झडप त्याने टेकडीवरून पाहिली. ती हकीकत लंडनमध्ये छापून यायला १४ नोव्हेंबर उजाडला. या हकिकतीने त्याचं नाव झालं खरं, पण सरकारला घाम फोडला तो रसद-खात्याच्या कारभाराने. बालाक्लावाच्या बंदरात माल येऊन पडलेला, आणि मधला रस्ता चिखलात रुतल्यामुळे काही मैलांवरच्या छावणीत शिपाई अर्धपोटी. कॉफी मिळायची ती हिरव्या, न भाजलेल्या बियांची. भाजायला सरपण कुठलं? या युद्धात सुमारे २१ हजार ब्रिटिश सैनिक दगावले, त्यांतले १६ हजारांहून अधिक रोगराईने. रसेलच्या बातमीपत्रांनी लोक खवळले आणि १८५५च्या आरंभी पंतप्रधान अ‍ॅबरडीनचं मंत्रिमंडळ कोसळलं. (स्कुटारीच्या लष्करी इस्पितळातली दैना मात्र ‘टाइम्स’च्याच टॉमस चेनरीने इस्तंबूलहून मांडली होती. ते श्रेय सर्रास रसेलच्या खाती जमा होतं.)

याच युद्धाच्या काळात रसेलला अझीमुल्ला खान भेटला होता. नानासाहेब पेशव्यांच्या तनख्यासाठी लंडनला रदबदली करून हात हलवत परतणारा हा वकील इंग्रजांची फजिती पाहायला वाट वाकडी करून आला होता. पुढे १८५८ मध्ये रसेल स्वतः हिंदुस्थानात, सत्तावन्नचा उठाव मोडायला निघालेल्या कॉलिन कँपबेलच्या फौजेबरोबर. मार्चमध्ये लखनौचा कैसरबाग पडला. तिथे गोरे शिपाई नुसत्या सोन्या-चांदीच्या तारेसाठी जरीची वस्त्रं आणि भरतकामाच्या शाली जाळत होते, हे त्याने लिहून ठेवलं. सूडाच्या फाशांवर टीका केली. इंग्रज स्त्रियांच्या विटंबनेच्या कहाण्या तपासल्या, तर बहुतेक ऐकीव निघाल्या. लेखणी तीच, मालक तोच, धारही तीच. पण लखनौच्या लुटीपायी लंडनमध्ये मंत्रिमंडळ पडलं नाही.

यावर कुणी म्हणेल, रसेल आला तोवर सूडाची पहिली लाट ओसरली होती, गव्हर्नर-जनरल कॅनिंगने दयेचं धोरण आधीच जाहीर केलं होतं, आणि रसेलच्या लिखाणाने ‘टाइम्स’चा सूर मवाळ झाला हे काय कमी? हे सगळं मान्य. पण क्रिमियात मेलेल्यांसाठी जाब विचारायला पार्लमेंट होतं. अवधच्या रयतेचं तिथे कुणीच नव्हतं. बातमीदार कितीही निर्भीड असला, तरी बातमीचा परिणाम वाचणारा कुणाला आपलं मानतो यावर ठरतो. शिवाय रसेलही साम्राज्याचाच माणूस. राज्य न्यायाने चालवा, एवढंच त्याचं म्हणणं. ते असावंच का, हा प्रश्न त्याने कधी केला नाही. १८९५ मध्ये त्याला ‘सर’ किताब मिळाला, यात नवल नाही. त्याची हिंदुस्थानातली रोजनिशी १८६० मध्ये निघाली. सत्तावन्नवर वाचणाऱ्याने ती जरूर वाचावी, फक्त ती जेत्यांच्या तंबूत बसून लिहिली आहे याचं भान ठेवून.