गोठ्याच्या वाटेची फरशी : कापावी कमी, कापावी ओली



घरापासून गोठ्यापर्यंतची वाट पावसाळ्यात चिखलाने भरते. जनावरांचे खूर कुजतात, धारेचे भांडे घेऊन चालणारी माणसे घसरतात. म्हणून पुष्कळजण आता तिथे शहाबादी फरशी घालतात. रेडिओवर हा विषय सांगून झाला आहे, पण मापे ऐकून ध्यानात राहत नाहीत, म्हणून ती इथे छापली आहेत.

फरशी आणण्याआधी वाटेची रुंदी ठरवा. फरशी २ फूट बाय २ फुटांची असेल तर वाट ४ फुटांची धरा. साडेचार फूट धरलीत की दर ओळीला अर्ध्या फुटाची पट्टी कापणे आले. अशी पट्टी बैलाच्या पायाखाली टिकत नाही. चार फुटांत पहिल्या ओळीला दोन अख्ख्या फरश्या बसतात. दुसऱ्या ओळीला मध्ये एक अख्खी आणि दोन्ही कडांना अर्धी अर्धी. एका फरशीचे दोन भाग झाले, सांधाही मोडला आणि वाया काही गेले नाही. घासून गुळगुळीत केलेली फरशी मात्र गोठ्याकडे नको. गाभण गाय एकदा घसरली तर फरशीच्या किमतीपेक्षा नुकसान मोठे. खडबडीत तोंडाचीच घ्या.

मुरूम धुमसून झाला, दर फुटाला पाव इंच उतार काढला, की अख्ख्या फरश्या आधी बसवा. तुकडे शेवटी. जागेचे माप घेऊन दोन्ही बाजूंच्या सांध्यांसाठी दोन-दोन सूत कमी करा. गुण्या लावून कोळशाने रेघ मारा, ती फरशीच्या दोन्ही तोंडांवर आली पाहिजे. कापण्याआधी हातोडीच्या दांड्याने फरशी वाजवून बघा. बद्द आवाज आला तर आत चीर आहे. ती फरशी रेघेवर तुटणार नाही.

छिन्नीने कापताना फरशी वाळूच्या गादीवर ठेवा. रेघेवरून हलक्या हाताने छिन्नी तीन-चार वेळा फिरवा, फरशी उलटी करून तसेच करा. मग रेघ लोखंडी पाइपावर धरून नको असलेल्या बाजूवर ठोका द्या. घाई करणाऱ्याच्या हाती तीन तुकडे येतात! खांबाभोवती आतला कोपरा काढायचा मोह टाळा, तिथूनच चीर धावते. दोन चौकोनी तुकडे जोडून बसवावेत. कापलेली कड भिंतीकडे, अख्खी कड वाटेकडे.

आता मशीनचे. कटरने काम लवकर होते, पण कोरडे कापले की पांढऱ्या धुळीचा लोट उठतो. दगडातल्या सिलिकाची ही बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि तिथून निघत नाही. त्याने होणाऱ्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही. ग्रॅनाइट आणि वालुकाश्मात सिलिका जास्त, शहाबादीत कमी. पण कमी म्हणजे नाही असे नव्हे. तोंडाला उपरणे बांधून ही धूळ अडत नाही, एन-९५ मास्क लागतो. गवंडी "सवय आहे" म्हणेल. त्याचे ऐकू नका, मास्क तुम्ही आणून द्या, पोरांना लांब ठेवा.

पाण्याची नळी असलेलेच कटर भाड्याने घ्या. साध्या मशीनवर तांब्याने पाणी ओतू नका, शॉक बसून जीव जाईल. वीजजोडणीला ई.एल.सी.बी. हवीच. पात्यावरचे गार्ड काढू नये, पदर किंवा धोतराचा सोगा खोचून घ्यावा, डोळ्यांवर चष्मा असावा. फरशी आरपार कापण्याची गरज नाही. तिसरा हिस्सा खोल खाच पाडा आणि पाइपावर मोडा. खाली साचलेला गाळ ओला असतानाच उचला, वाळला की त्याची पुन्हा धूळ होते.

फरशीखाली माल सगळीकडे पसरा. चार कोपऱ्यांत गोळे ठेवले तर मधला पोकळ भाग बैलाच्या वजनाने फुटतो. बसवल्यावर सात दिवस पाणी मारा, तोवर जनावरे दुसऱ्या वाटेने न्या. सिमेंटचे डाग काढायला ॲसिड वापरू नका. हा चुनखडीचा दगड आहे, ॲसिड त्याला खाते. उरलेले तुकडे पाण्याच्या हौदापाशी, जिथे चिखल होतो, तिथे रचून टाका.